तूर्त ठीक

कुठलीही गोष्ट नीट चालली असेल तर ती मोठ्याने बोलून दाखवू नये, यावर आमच्या मेंटेनन्सच्या काकांइतकी श्रद्धा असलेला माणूस मुलुंडच्या चेकनाक्यापासून शहाडच्या पुलापर्यंत दुसरा झाला नसेल. ‘कसे आहात?’ या साध्या प्रश्नाला ‘बरा आहे’ हे उत्तरसुद्धा त्यांना धोक्याचं वाटे. ते आधी मागे वळून बघत, मग आवाज खाली आणून म्हणत, “आहे. ढकलतोय.” पावसाळ्यात सगळे रस्ते कोरडे असले तरी ‘आज पाऊस नाही’ असं ते कुणाला म्हणू देत नसत, कारण पावसालाही कान असतात. दुपारी डबा उघडला की काकूंच्या हातच्या सुक्या कोळंबीचा वास अख्ख्या शेडभर पसरे. काका “मीठ बेताचंच पडलंय” असं पुटपुटत जेवायला सुरुवात करत, डब्याच्या कडा बोटाने पुसून घेत, आणि इतक्या बेताच्या जेवणातला एक घासही कुणाला विचारत नसत. त्यांच्यासमोर कुणी एखाद्या लहान बाळाला गोड म्हटलं तर काका लगेच त्या बाळाच्या नाकाविषयी काहीतरी वाईट बोलून समतोल साधत. बाळाच्या आईला राग येई, पण काकांच्या मते त्यांनी त्या माउलीवर उपकारच केलेले असत.

आमचा कारखाना माजिवड्याला, हायवेला लागून होता. तिथे गिअर बनत. गिअर कापायची, घासायची, भोकं पाडायची सगळी मशीनं एका लांबलचक शेडमध्ये ओळीने उभी होती आणि त्या शेडला सगळे ‘शॉप’ म्हणत. मी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून डोंबिवलीहून तिथे पहिल्या नोकरीला लागले तेव्हा, शॉप म्हणजे दुकान असेल आणि तिथे गिअर विकत असतील, अशी माझी समजूत होती. ती मी कुणाला सांगितली नाही. मी तेव्हा कुणालाच काही सांगत नसे. इंग्रजी शाळेतून आलेली, मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून बघणारी, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असल्यामुळे गप्प बसणारी, अशी माझी एकूण तऱ्हा होती. हेड ऑफिसने मशीनांच्या देखभालीसाठी एक सॉफ्टवेअर पाठवलं होतं. कुठल्या मशीनला तेल कधी द्यायचं, पट्टा कधी बदलायचा, काय बिघडलं आणि कोणी दुरुस्त केलं, हे सगळं आता कार्डांवर न लिहिता कॉम्प्युटरमध्ये भरायचं होतं. भरणारी मी आणि सांगणारे काका.

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी आमची ओळख करून दिली आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मी समोरच्या मशीनकडे बघत म्हटलं, “किती छान चालतंय.” काकांनी माझा हात धरून मला तडक शेडच्या बाहेर, सायकल स्टँडपाशी नेलं. “कोणाची तू?” त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. “तसं नाही. तुला घरी कोणी शिकवलं नाही का, चालत्या गाड्याला असं बोलू नये म्हणून?” मग त्यांनी मला सायकल स्टँडच्या लोखंडी खांबाला हात लावायला लावला. लोखंडाला हात लावला की बोललेलं परत घेतल्यासारखं होतं, असा त्यांचा हिशेब होता. दुर्दैवाने चहाच्या सुट्टीनंतर त्याच मशीनचा पट्टा तुटला. काका मला एक अक्षरही बोलले नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस मी शेडमध्ये शिरले की ते लगबगीने माझ्या आणि त्या मशीनच्या मधे येऊन उभे राहत. हळूहळू त्यांचा राग गेला आणि त्यांनी माझं नाव ‘कॉम्प्युटरताई’ ठेवलं. खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

काकांची कार्डं एका हिरव्या लोखंडी कपाटात होती. प्रत्येक मशीनचं एक कार्ड, भरलं की त्याला शिवलेलं दुसरं. कंपनीने छापलेल्या रकान्यांत ‘बिघाडाचे स्वरूप’ लिहायचं असे, पण काका तिथे घरातल्या आजारी माणसाविषयी लिहावं तसं लिहीत. “सकाळपासून कण्हते आहे.” “थंडीमुळे उठायला तयार नाही. कोमट तेल दिले.” “कालपासून नाक गळते,” म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा नळ गळतो. एका कार्डावर नुसतंच “रुसली” असं होतं आणि पुढच्या ओळीत “समजूत काढली”. समजूत कशी काढली ते काकांना आठवत होतं: बेअरिंग बदलून. आणि ज्या महिन्यात मशीनला काहीही झालेलं नसे, त्या महिन्यासमोर प्रत्येक कार्डावर एकच शेरा होता: “तूर्त ठीक.” नुसतं ‘ठीक’ त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नाही.

हे सगळं घेऊन काका पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या खोलीत आले तो दिवस मला चांगला आठवतो. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला-बूट काढून जावं लागे. आत एसी होता, कॉम्प्युटरवर रेक्झिनचं झाकण असे, आणि एकूण वातावरण देवघराचं होतं. काकांनी दाराशी जाडजूड बूट काढले, अंगठा बाहेर आलेला मोजा दुसऱ्या पायाखाली दडवला, आणि काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांना मनातल्या मनात नमस्कार केल्यासारखी मान लववली. मग माझ्या शेजारी स्टुलावर बसले.

“विचार,” ते म्हणाले.

“काका, पहिल्यांदा मशीनची कंडिशन. गुड असेल तर जी, फेअर असेल तर एफ, पुअर असेल तर पी. एकच अक्षर टाकायचंय.”

“तूर्त ठीकचं अक्षर कुठलं?”

“ते नाहीये यात.”

“मग हे करणाऱ्याने मशीन बघितलेली नाही,” काका म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “इथे बसून नाही सांगता यायचं. चल, तिच्यासमोर जाऊ. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.”

म्हणून मी वही घेऊन त्यांच्याबरोबर शेडभर फिरले. प्रत्येक मशीनसमोर काका उभे राहत, मी कंडिशन विचारी, आणि काका त्या मशीनकडे बघत मोठ्याने तिची खरडपट्टी काढत. शेडच्या टोकाला विलायतेहून आलेलं एक जुनं लेथ मशीन होतं. सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणत. त्यावर केलेलं काम इतकं नेमकं उतरे की नाजूक ऑर्डर आली की ती आपोआप म्हातारीकडे जाई. तिच्यासमोर काकांच्या जिभेला विशेष धार आली. “एक नंबरची आळशी. आवाज बघ कसा काढते. हिच्यात राहिलंय काय? लिही, पी.” मी पी लिहिलं. उलट कोपऱ्यातला कॉम्प्रेसर दर आठवड्याला बंद पडे, त्याच्यातून गुळण्या केल्यासारखा आवाज येई. त्याच्यासमोर मात्र काका मऊ झाले. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. “बरं आहे याचं. पडेल उतार. एफ लिही.”

“पण काका, तो तर सारखा बंद असतो.”

“अगं, आजाऱ्याच्या तोंडावर सांगतं का कोणी, तू वाईट आहेस म्हणून? खचेल ना तो.”

मी बोलत नसले तरी बघत असे, त्यामुळे त्यांची पद्धत माझ्या लक्षात आली होती. मशीन जितकं उत्तम, तितक्या शिव्या जास्त. चांगल्याला दृष्ट लागू नये म्हणून पी, आजाऱ्याला धीर म्हणून एफ, आणि जी कोणालाच नाही. दुसऱ्या फेरीत मी घाबरत घाबरत म्हटलं, “काका, एखाद्याला तरी जी देऊ या ना.” काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखाद्याला तरी विष देऊ या म्हटलं होतं. त्यांनी यादीवर सही केली, मॅनेजरसाहेबांनी न वाचता तिच्यावर सही केली, प्रिंटरने कर्रकर्र करत रिपोर्ट छापला, आणि तो कुरिअरने हेड ऑफिसला गेला.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि रोज सकाळी कोणाला तेल द्यायचं याची छापील यादी काकांच्या हातात पडू लागली. काका ती चष्मा कपाळावर चढवून वाचत. “ग्राइंडिंगला आज तेल दे म्हणतो. याने बघितलीय का तिला? काल तर दिलंय.” मी सांगे की काल दिल्याचं तुम्ही मला सांगितलं नाही, म्हणून त्याला कळलं नाही. “मग त्याने विचारायचं,” काका म्हणत. तरी यादी रोज खिशात ठेवत, आणि संध्याकाळी मला येऊन काय काय केलं ते सांगत. त्यातही शेवटी आवाज खाली आणून “तूर्त” जोडत. मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय. हे मी अर्थातच मोठ्याने म्हटलं नाही.

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर आमचा रिपोर्ट होता आणि त्यावर लाल पेनाने वर्तुळंच वर्तुळं केलेली होती.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं. “चांगली मशीनं सगळी पुअर? आणि तो टिनपाट कॉम्प्रेसर फेअर? हेड ऑफिसचा फोन आलेला. ते म्हणतात, ठाण्याच्या शॉपमध्ये काही उरलंच नाही तर चालवायचं कशाला. मशीनं भंगारात काढू, काम वापीला हलवू, जागेचं नंतर बघू. ते वाटच बघत होते असल्या कागदाची.”

शॉप बंद म्हणजे काय, ते काकांना सांगायची गरज नव्हती. हायवेच्या दोन्ही अंगांना कुलूप लागलेली कारखान्यांची फाटकं ते रोज बघत येत असत.

“बदलून देते मी, साहेब,” मी म्हटलं. माझं त्या केबिनमधलं ते पहिलंच वाक्य असावं.

“आता बदललं तर म्हणतील, घाबरून बदललं. नको. उद्या हेड ऑफिसचे मोठे साहेब स्वतः येतायत. एकेका मशीनसमोर उभं राहून यांना विचारणार, सही यांची आहे म्हणून.” साहेब काकांकडे वळले. “तुम्ही फक्त गुड म्हणायचं. बाकी काही बोलू नका.”

“चालवून दाखवतो ना, साहेब. बोलायचं काय त्यात.”

“बोलावं लागेल, काका. पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

बाहेर आल्यावर काका भिंतीला टेकून उभे राहिले. “उद्या मी सगळ्यांना चांगलं म्हणायचं,” ते म्हणाले, “आणि साहेबांच्या समोर एक जरी बंद पडली, तर मीच शॉप बुडवलं असं होईल. आणि नाही म्हटलं, तरी बुडणारच.” इतकी वर्षं ज्याला जपलं त्याला आपल्याच तोंडाने दृष्ट लावायची पाळी आली, असा त्यांचा चेहरा झाला होता. मला एकदम सुचलं ते मी मनात जुळवून न बघताच बोलून टाकलं. “काका, इंग्लिशमध्ये म्हणा ना. गुड. मशीनांना कुठे इंग्लिश कळतंय? तुम्ही तर सगळं मराठीत बोलता त्यांच्याशी.”

“हां,” काका शेवटी म्हणाले, “हे होऊ शकतं.”

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा काका आधीच आले होते. शेडभर फिरून त्यांनी प्रत्येक मशीनला, बघणाऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला, काळ्या ग्रीसची तीट लावली होती. बाळाच्या गालाला लावतात तशी, एकच गोल. मोठे साहेब आले. पांढरा शर्ट, मृदू आवाज, इंग्रजी आणि थोडी हिंदी. मराठी त्यांना येत नव्हतं म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला पुढे केलं. पहिल्या मशीनसमोर साहेबांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, आणि काका छताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, “गुड.” मशीन चालत राहिलं. दुसऱ्यासमोर “गुड”. तिसऱ्यासमोर “व्हेरी गुड”, आणि स्वतःच दचकले. आता त्यांना जरा मजा वाटू लागली होती. साहेब एका ठिकाणी वाकून बघायला टेकले आणि त्यांच्या पांढऱ्या कोपराला तीट लागली. “ऑइल लीकेज?” त्यांनी विचारलं. काका म्हणाले, “गुड.”

मग आम्ही म्हातारीपाशी आलो आणि काका थांबले. साहेबांनी रिपोर्ट बघितला. हे सगळ्यांत जुनं, याच्यावर पुअर लिहिलंय, हेच आधी काढावं लागेल ना, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मी काकांना सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी घसा खाकरला. मी हळूच म्हटलं, “काका, गुड म्हणा ना.”

“कसं म्हणू?” काका माझ्या कानाशी म्हणाले. “ही विलायतेची आहे. हिला इंग्लिश कळतं.”

“मग मराठीत म्हणा.”

“इतकी वर्षं माझ्या शिव्या ऐकतेय. मराठी कळल्याशिवाय राहिलं असेल का?”

साहेबांनी विचारलं, हे काय म्हणतायत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगितलं. दृष्ट लागण्याला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात ते माझ्या शाळेने मला शिकवलं होतं, पण ते शब्द तिथे फार पोकळ वाटले असते, म्हणून मी काकांनी मला सायकल स्टँडपाशी नेलं होतं तिथपासून सांगितलं. चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत ते, आणि आजाऱ्याला वाईट. इतकं सलग मी त्या कारखान्यात आधी कधी बोलले नव्हते. मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मोठे साहेब कोपरावरच्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ते स्वतः तान्हे असताना त्यांच्या आईने त्यांचं वजन कधी कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरलासुद्धा. आणि हिंदीत काकांना म्हणाले, “फिर भी, एक बार बोल दो. लिखना तो मुझे है.”

काकांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि उगाचच म्हातारीचं हँडल पुसलं. मग तिच्याकडे न बघता, जवळजवळ पुटपुटत म्हणाले, “चांगली आहे.” आणि एकदा सुटल्यावर त्यांना थांबता येईना. “फार चांगली आहे. हिच्या हातचं काम कधी परत आलं नाही. नवीन पोरं हिच्यावर शिकली, कोणाचं बोट गेलं नाही. हिच्यासारखी दुसरी नाही.” मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले आणि साहेब लिहीत गेले. मग त्यांनी म्हातारीवर एका गिअरचं काम करून घेतलं, मापं घेऊन बघितली, कॉम्प्रेसरसमोर उभे राहून बराच वेळ मान हलवली, आणि जाताना सांगून गेले की शॉप इथेच राहील, सध्यापुरतं. ‘सध्यापुरतं’ म्हणजे तूर्तच ना, असं काकांनी मला दोनदा विचारून घेतलं. “समजूतदार माणूस दिसतो,” ते म्हणाले.

शेडमध्ये पेढे आले. काका पेढा हातात धरून म्हातारीपाशी स्टूल टाकून बसले. पहिली पाळी सुटली, दुसरी सुरू झाली, तरी ते उठेनात. मी निघताना त्यांच्यापाशी गेले.

“काका, घरी नाही जायचं?”

“बसलोय. बंद पडेल आता.”

“नाही पडली ना अजून.”

“नाही पडली,” काका म्हणाले. त्यात आनंद नव्हता. “इतकं बोललो, तरी काही झालं नाही तिला.” मशीनवरच्या पोराने काम बदललं, म्हातारी परत फिरायला लागली, आणि तिचा तो एकसुरी आवाज ऐकत काका बराच वेळ बसले. मग म्हणाले, “माझा मुलगा आहे पुण्याला. माहीत नसेल तुला.”

मला माहीत नव्हतं. काका कधी बोललेच नव्हते.

“इंजिनिअर झाला. पहिला आलेला कॉलेजात. मार्कांचा कागद घेऊन आला, तर मी म्हटलं, बघू पुढे टिकतोय का. नोकरी लागली, तेव्हाही तेच म्हटलं. मागच्या वर्षी बढती मिळाली तर फोन त्याने आईला केला, मला नाही.” पेढा त्यांच्या हातात मऊ होऊन गेला होता. “मी आपला त्याला दृष्ट लागू नये म्हणून.”

मी मनात कितीतरी वाक्यं जुळवली आणि त्यांतलं एकही बोलले नाही. काका उठले. आम्ही फाटकातून बाहेर पडून माजिवड्याच्या नाक्यापर्यंत चालत आलो. तिथे एसटीडीचा बूथ होता. काका रिक्षाकडे वळता वळता थांबले आणि “जरा उभी राहा गं” म्हणून आत गेले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी नंबर फिरवला, खोकले, एक हात कमरेवर ठेवला, मग काढला. काहीतरी बोलले. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते, आणि मधे मधे जोरजोराने मान हलवत नाही म्हणत होते.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

“काय म्हणाला?”

“काय म्हणणार. मी म्हटलं, तू फार चांगलं केलंस हो सगळं, मला कौतुक आहे तुझं. तर घाबरला. बाबा, छातीत दुखतंय का म्हणाला, खरं सांगा. आईला फोन द्या. मी म्हटलं आई घरी कोपरीला आहे, मी नाक्यावर आहे, तर आणखीच घाबरला. पहिल्या गाडीने निघतो म्हणाला.” काका हायवेवरच्या गाड्यांकडे बघत उभे राहिले. “मी सांगितलं काही झालं नाही म्हणून. पण ऐकेना. येतोच म्हणाला.”

“मग येऊ द्या ना, काका.”

“येऊ दे,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, आणि रिक्षाला हात केला. आत बसल्यावर डोकं बाहेर काढून मला विचारलं, “या वेळेला ओली कोळंबी मिळेल का गं कुठे? त्याला आवडायची.”

मिळेल, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं, पण म्हटलं.